चटईखालची सकाळ

पाहुणा वाईट नव्हता. वाईट असता तर मी त्याला दुसऱ्याच दिवशी हाकलला असता, आणि आज माझ्या घरात माणसं अशी दाटीवाटीने, खाली मान घालून बसली नसती.

योनास त्याचं नाव. डेन्मार्कचा की कुठला. समुद्राकाठी आमच्या तीन झोपड्या आहेत, त्या आम्ही प्रवाशांना देतो. त्यातल्या मधल्या झोपडीत तो उतरला. दोन रात्रींसाठी आला आणि राहिलाच. नारळ खवायला बसायचा, अळकुड्या सोलायचा, सालीबरोबर अर्धी अळकुडीही फेकून द्यायचा. मला सरळ नावाने हाक मारायचा, "सेफिना, ए सेफिना," जणू आम्ही एका बाकावर शिकलोय. माझा नवरा तुइलोमा आमच्या कुळाचा प्रमुख. त्याच्यापुढे गावातली माणसं वाकून जातात. त्याच्यासमोर हा पाय पसरून बसायचा.

"असू दे गं," तुइलोमा म्हणायचा. "त्याच्या गावी चालत असेल."

"त्याच्या गावी खुशाल चालू दे. इथे मला लोक विचारतात, सेफिनाने हा कुठून धरून आणला म्हणून."

आमच्या वाइसिना गावात संध्याकाळी पहिला शंख वाजला की माणसं घराकडे वळतात. दुसरा वाजला की प्रार्थना सुरू. तिसरा होईपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. गावातले तरुण पांढरे सदरे घालून, हातात काठ्या घेऊन रस्त्याच्या दोन्ही टोकांना उभे राहतात आणि येणारी गाडी थांबवतात. हे मी योनासला पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं. तरी तो भाड्याची स्कूटर घेऊन धबधबा बघायला गेला आणि दुसऱ्या शंखानंतर उगवला. पोरांनी अडवून ठेवला. गावसभेने दंड केला, तो त्याला नाही, आमच्या घराला. एक डुक्कर. लठ्ठ, कानावर काळा ठिपका असलेलं माझं डुक्कर.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पुन्हा उशीर केलास ना," मी त्याला म्हणाले, "तर तुला स्कूटरसकट भट्टीत घालीन, वर केळीची पानं टाकून!"

तुइलोमा हसला. योनास हसला नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. "पुन्हा नाही होणार, सेफिना," तो म्हणाला. आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं, हे मला कळलं. त्यामुळेच पुढचं झालं.

पुढच्या खेपेला तो वेळेत यायचं म्हणून सुटला. पहिला शंख त्याने लांबून ऐकला असावा. चर्चच्या वळणावर त्याने स्कूटरचा वेग वाढवला. दुसऱ्या शंखाच्या आत घरात शिरायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. वळणापलीकडे अलेकी पांढरा सदरा घालून नुकताच आपल्या जागी उभा राहत होता.

अलेकी इयानेताचा मुलगा. ती आमची शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक नीरफणसाचं झाड आहे. तिला नवरा नाही, मुलगा हा एकच. त्याला शहरातल्या दवाखान्यात न्यायला गाडी निघाली ती अर्ध्या वाटेवरून परत आली.

पोलिसांनी जबाब घेतला, योनासचा पासपोर्ट नेला, गाव सोडू नको म्हणून बजावलं. ते गेले आणि गाव गप्प झालं. कुत्रीसुद्धा भुंकेनात. इयानेताच्या घराचे, भिंतींच्या जागी असतात ते झापांचे पडदे चारही बाजूंनी खाली सोडलेले होते. त्यामागून रडणं ऐकू यायला हवं होतं, ते येत नव्हतं. येत होता फक्त दगडावर कोयता घासल्याचा आवाज. तिचा थोरला भाऊ वासा कोयत्याला धार लावत होता.

"चटई काढ," तुइलोमा मला म्हणाला.

मोठी चटई आमच्या घरात एकच. केवड्याच्या पातळ पट्ट्यांची, कापडासारखी मऊ, लाल पिसांच्या किनारीची. गावाच्या विणकामाच्या घरात इयानेता आणि मी शेजारी शेजारी बसून ती विणली होती. अर्धी वीण तिची, अर्धी माझी. कुणाच्या हातून दुसऱ्याच्या घरचं माणूस गेलं, तर त्या घराच्या प्रमुखाने पहाटे त्यांच्या अंगणात जाऊन बसायचं, डोक्यावरून अशी चटई घेऊन. बोलायचं नाही, हलायचं नाही. आतल्यांनी येऊन चटई उचलली तर माफी. नाही उचलली, तर ते दगड मारोत नाहीतर कोयता घालोत.

"अहो, तुमचं काय देणंघेणं?" मी म्हणाले. "त्याने केलं, त्याला पाठवा. तुमच्या रक्ताचा आहे का तो?"

"आपल्या छपराखाली झोपला, आपल्या ताटातलं जेवला. आता त्याने केलं ते आपण केलं. तोही बसेल माझ्याबरोबर."

"आणि तुमची छाती? उन्हात किती वेळ बसवतील ते माहीत आहे का?"

"मी माफी मागायला चाललोय, सेफिना. डॉक्टरकडे नाही."

त्याला दोन वर्षांपासून छातीचं दुखणं होतं. दुखायला लागलं की जिभेखाली गोळी. कंबरेला लुंगी, अंग उघडं, असंच तिथे जायचं असतं, मग गोळ्यांची बाटली ठेवणार कुठे? योनासच्या अंगात सदरा होता. बाटली मी त्याच्या खिशात कोंबली. "याने छातीला हात लावला की एक दे. कळलं?"

त्याने मान हलवली. ओठ पांढरेफटक पडले होते.

तुइलोमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं ऐक. काहीही झालं, कुणी काहीही केलं, तरी हलायचं नाही. आपण हललो तर आपण माफी मागतच नाही, असा त्याचा अर्थ होतो. मग वासाला कुणी अडवणार नाही. तुझ्यासाठीही नाही, माझ्या पोरांसाठीही नाही."

पूर्वेकडे जेमतेम उजाडत होतं तेव्हा ते दोघे इयानेताच्या अंगणात जाऊन बसले. मी त्यांच्या डोक्यावरून चटई पांघरली आणि मागे सरून नीरफणसाखाली उभी राहिले. त्यापुढे मला पाऊल टाकायची सोय नव्हती. अंगणात दोन उंचवटे दिसत होते, एक रुंद, एक अरुंद.

आधी वासा बाहेर आला. त्याने चटईभोवती एक फेरी मारली. मग कोयता उचलला आणि चटईच्या कडेलगत जमिनीत हाणला. माती उडाली. चटई हलली नाही.

"तुइलोमा!" वासा ओरडला. "माझ्या बहिणीचं पोर शवपेटीत आहे, आणि तू या गोऱ्या पालांगीला कुशीत घेऊन बसलास? लाज नाही वाटत?"

वासा पायरीवर बसला, कोयता मांडीवर आडवा ठेवून. आतून कुणीतरी दगड फेकला. तो अरुंद उंचवट्याला लागला. योनासच्या तोंडून आवाजसुद्धा निघाला नाही. पहिल्यांदाच या पोराने सांगितलेलं ऐकलं, असं माझ्या मनात आलं.

ऊन वर आलं. झाडाची सावली अंगणातून माझ्याकडे सरकत आली. चर्चमधून कुणी आलं नाही, गावसभेतून कुणी आलं नाही. रस्त्यावरून जाणारी माणसं मान खाली घालून पुढे गेली. झापांच्या फटीतून मला इयानेताचा पाय दिसत होता. ती उठून बसलेली होती, जागी होती, बघत होती. मी मनातल्या मनात तिला शिव्या दिल्या. मग तिचे पाय धरले. मग पुन्हा शिव्या दिल्या.

तेवढ्यात रुंद उंचवटा अरुंद उंचवट्याकडे कलला.

मला वाटलं, काहीतरी सांगत असेल त्याला, धीर देत असेल. पण तो कलला तो सरळ झालाच नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं. वासा माझ्याकडे बघत होता. त्याचा हात मांडीवरच्या कोयत्यावर गेला. मी तोंड मिटलं. ती चटई उचलायचा हक्क एकाच बाईचा होता, आणि ती बाई पडद्याआड बसून होती. मी झाडाच्या सालीत नखं रुतवली आणि तिथेच उभी राहिले. एवढी हतबल मी जन्मात झाले नव्हते.

शेवटी पडदा वर गेला. इयानेता अनवाणी बाहेर आली. चटईजवळ वाकली. पिसांच्या किनारीवरून, तिच्याच विणीवरून, तिने एकदा हात फिरवला. मग दोन्ही हातांनी चटई उचलली.

योनास ताठ बसला होता. चेहरा घामाने निथळत होता, कपाळातून रक्त आलं होतं. तुइलोमाचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. योनासचा हात त्याने घट्ट धरला होता. मी धावले. तुइलोमाचा हात थंड पडायला लागला होता.

"सेफिना," योनास म्हणाला. त्याने खिशातून बाटली काढली. बाटली भरलेली होती. "त्याने छातीला हात लावला. मी काढायला गेलो. त्याने माझा हात धरला. म्हणाला, हलू नकोस."

"आणि तू हलला नाहीस?"

"तो म्हणाला, हलू नकोस."

मी त्याच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. वासाने मला धरलं. ज्याच्या हातात कोयता होता त्यानेच धरलं. कोयता अंगणात पडलेला होता.

इयानेता चटई छातीशी धरून उभी होती. "मी सूर्य उगवतानाच उठणार होते गं," ती म्हणाली. "खरंच उठणार होते. मग म्हटलं, थोडा वेळ अजून. माझं पोर तिथे पेटीत एकटं पडलंय, यांनी थोडा वेळ अजून बसावं."

ते झालं काल. आज पहाटे मी तुइलोमाच्या उशाशी बसले होते. बायका स्तोत्रं म्हणून थकल्या होत्या. समुद्राकडची बाजू उघडीच असते, तिकडे माझं लक्ष गेलं. अंगणात काहीतरी निळं होतं.

पाहुण्यांच्या झोपडीतली चटई. प्लॅस्टिकची, चिनी, मीच बाजारातून आणलेली. तिच्याखाली एक अरुंद उंचवटा.

त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याने काल पाहिलं होतं, तेवढंच. माझा थोरला मुलगा उठायला लागला, मी त्याला डोळ्यांनी खाली बसवला. घरातली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी उठले, माठातून पाण्याचा तांब्या भरला, आणला आणि माझ्या शेजारी ठेवला. मग बसले.

ऊन कोवळं होतं. मग ते निळ्या प्लॅस्टिकवर आलं. प्लॅस्टिक लवकर तापतं, हे मला ठाऊक आहे. त्याच्या आतून माणसाच्या घामाचे थेंब जमिनीवर गळायला लागले. उंचवटा हलला नाही. ऐकायला शिकला होता तो, चांगलंच शिकला होता.

इयानेता नीरफणसाखालून आली. खांद्यावर मोठी चटई होती, तुइलोमाच्या अंगावर घालायला आणलेली. अंगणातल्या त्या निळ्यापाशी ती थबकली. माझ्याकडे बघितलं, माझ्या शेजारच्या तांब्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती वर चढून आली आणि माझ्याजवळ टेकली.

"सेफिना," ती हळूच म्हणाली. "ऊठ गं."

"उठते," मी म्हणाले. "थोडा वेळ अजून."