दुपारची लिफ्ट

चारकोपच्या सागरदीप सोसायटीत दुपारी दोन ते चार लिफ्ट बंद असायची. कॉमन मीटरचं बिल फार येतं म्हणून नियम केला, आणि आपल्याकडे नियमाची सवय व्हायला वेळ लागत नाही. गॅसचा सिलिंडर मागवायचा तर दोनच्या आत, पाहुणे बोलवायचे तर चारनंतर. सगळं सुरळीत चाललं होतं.

सगळ्यात वरच्या, सातव्या मजल्यावरच्या रुचिराचं तेवढं चालत नव्हतं. तीन वर्षांच्या इरावतीला प्लेस्कूलमधून घेऊन ती गेटपाशी यायची तेव्हा लिफ्ट नुकतीच बंद झालेली असायची. झोपलेली लेक खांद्यावर, पाण्याची बाटली गळ्यात, आणि समोर जिना.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला विद्याधरकाका दिसले. ते लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काका फिजिओथेरपीला जात होते आणि त्यांना वेळ मिळाली होती ती नेमकी दुपारची. पाचव्या मजल्यावरच्या घरी चढताना मध्ये टेकायला काहीतरी हवं, म्हणून कमिटीने मोठ्या मनाने ही खुर्ची ठेवली होती. लिफ्ट सुरू केली नव्हती, खुर्ची ठेवली होती.

"ये गं, बस जरा," काका म्हणाले. "माझं स्टेशन आलं की खाली करतो."

"तुम्हीच बसा काका. ही उठली तर मला वर जाऊन परत झोपवायला लागेल."

बाजूच्या पायरीवर त्यांच्या पत्नी पद्मजाकाकू बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "उद्यापासून जाणारच नाही म्हणतायत हे."

"मग काय तर! तिकडे गुडघा नीट करायचा आणि इथे जिन्यात वाट लावायची. त्यापेक्षा खिडकीत बसतो, कावळे मोजतो."

काका हसले. काकू हसल्या नाहीत.

रुचिरा वर आली, इरावतीला निजवलं, आणि पंख्याखाली नुसतीच बसून राहिली. लिफ्ट बंद होती यात तिचाही हात होता.

महिन्यापूर्वीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी जयवंत राणे यांनी टेरेसवर सोलर बसवायचा प्रस्ताव मांडला होता. राणे मूळचे कुडाळचे, रंगात आले की मालवणीत शिरायचे. "दिवसभर वीज वरच तयार होतली. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे सगळे तेच्यावर. उरात ती कंपनीक जातली, बिलातून वजा! दुपारची लिफ्ट परत सुरू करूया. आणि लाइट गेली तरी आपली लिफ्ट चालूच ऱ्हवतली. झकास!"

शेवटचं वाक्य ऐकून रुचिराने तिथल्या तिथे फोन काढला होता. वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेली की बंदच पडतं, असं तिने वाचलं. म्हणजे सेक्रेटरी भर मीटिंगमध्ये खोटं बोलत होते. एक गोष्ट खोटी निघाली आणि मग तिला सगळंच खोटं वाटायला लागलं. त्यातच मैत्रिणींच्या ग्रुपवर आलेले मेसेज: पॅनेलमधून किरणं निघतात, आग लागते, वादळात पत्रे उडतात. पॅनेल बसणार होती ती बरोबर इरावतीच्या खोलीच्या वर.

सागरदीपमध्ये एक अलिखित रीत होती. टेरेसवर काही करायचं तर सातव्या मजल्याचा होकार हवा. रुचिराने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "माझ्या मुलीच्या डोक्यावर नको." सोबत ते मेसेजही पुढे ढकलले. पहिल्या मजल्यावरच्या लोकांनीसुद्धा खाली होकाराचे अंगठे टाकले. प्रस्ताव बारगळला.

संध्याकाळी तिने नवऱ्याला, श्रेयसला, जिन्यातलं सगळं सांगितलं.

"मग आता काय, हो म्हणणार आहेस?"

"का म्हणू? राणेकाका खोटं बोलले होते ना?"

"बोलले. पण मग खरं काय ते तू कुणाला विचारलंस?" श्रेयसने बूट काढता काढता विचारलं. "पद्मजाकाकू इंजिनिअर होत्या यार, वीज कंपनीत. दोन मजले खाली राहतात. तू मेसेज वाचत बसलीस."

रुचिराला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, इरावतीला आणायला निघण्याआधी, ती काकूंच्या दारात उभी राहिली. काका खरंच घरी होते, खिडकीपाशी.

"काकू, मला भीती वाटते. पण मला नीट विचारायचंय."

काकूंनी टेरेसची चावी घेतली. "चल वर. तिथेच बोलू."

टेरेसवर ऊन रणरणत होतं. काकू म्हणाल्या, "चप्पल काढ आणि पाय टेकव."

रुचिराने पाय टेकवला आणि लगेच उचलला.

"आता टाकीच्या सावलीत ये." तिथली फरशी कोमट होती. "पॅनेल म्हणजे तुझ्या स्लॅबवर धरलेली छत्री. आत्ता हा तवा तुझ्या मुलीच्या डोक्यावर तापतोय. त्याची भीती नाही वाटली तुला कधी?"

"आणि किरणं?"

"अगं, ते ऊन घेतं, सोडत नाही. काचेखालचे पातळ थर, उन्हात ठेवले की वीज देतात. गच्चीत वाळत घातलेल्या पापडाला घाबरतेस का तू?"

"मग लाइट गेल्यावर बंद का पडतं?"

"राणे ते चुकीचं बोलले. मी त्याच दिवशी उभं राहून सांगायला हवं होतं." काकू कठड्यापाशी गेल्या. "लाइट जाते तेव्हा खाली रस्त्यात कुणीतरी तार दुरुस्त करत असतं. त्याला वाटतं तार मेलेली आहे. आपल्या गच्चीवरून त्यात वीज गेली तर तो माणूस जागच्या जागी जाईल. म्हणून लाइन गेली की आपली यंत्रणा आपणहून थांबते. ती तशी थांबते याची खात्री करूनच जोडणी देतात. तू जिला खोट समजलीस ना, ती काळजी आहे. अनोळखी माणसाची."

रुचिराही कठड्याशी आली. रस्त्याकडेच्या खांबावर शिडी लावून चढलेली माणसं तिने कितीदा पाहिली होती. त्यांच्याही घरी कुणाचीतरी इरावती असेल.

"वाऱ्याचं काय? उडाली तर?"

"ते मला नक्की नाही सांगता येणार," काकू सरळ म्हणाल्या. "गच्ची किती वजन पेलेल, पाय कसे रोवायचे, गळती लागणार नाही ना, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं. आणि विचारणारं माणूस तुझ्यासारखंच हवं, सहज न पटणारं. सोलरसाठी कमिटी करूया, तीत ये. भीती वाटते ना, मग तिचे प्रश्न कर आणि समोरच्याला उत्तर द्यायला लाव."

पुढच्या मीटिंगमध्ये रुचिरा उभी राहिली. "मी जे मेसेज पाठवले त्यातला एकही मी तपासला नव्हता," ती म्हणाली. "लाइट गेल्यावर लिफ्ट चालणार नाही, हे आधी सगळ्यांनी ऐकून घ्या. बाकीच्या दिवसांत दुपारी चालेल. सातव्या मजल्याचा होकार आहे."

राणे डोकं खाजवत म्हणाले, "माका वाटला तसा बोलान गेलंय. सोलर कंपनीवाल्याक इचारूक होया होता."

"आता रुचिरा विचारेल," मागून कुणीतरी म्हणालं. "कंपनीवाल्याचं काही खरं नाही."

खरंच नव्हतं. पायांच्या मजबुतीचं लेखी प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत तिने काम सुरू होऊ दिलं नाही. कठड्याजवळची एक रांग हलवायला लावली आणि मधली मोकळी जागा कोजागरीसाठी राखून घेतली.

कोजागरीला पॅनेलच्या रांगांमधल्या त्या जागेत सतरंज्या पसरल्या गेल्या. पॅनेल आता निजली होती. जिन्यातले दिवे वीज कंपनीच्या विजेवर जळत होते. दिवसा आपण द्यायचं, रात्री त्यांच्याकडून घ्यायचं.

विद्याधरकाका काठी टेकत लिफ्टमधून आले. टेरेसच्या शेवटच्या दहा-बारा पायऱ्या ते स्वतःच्या पायांनी चढले. दुपारची लिफ्ट आणि त्यांची फिजिओथेरपी पुन्हा सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. श्रेयसने त्यांच्यासाठी तिसऱ्या मजल्यावरची लाल खुर्ची वर आणून ठेवली होती.

"ही इकडे कशी?" काकांनी विचारलं.

"तिथे आता कुणी बसत नाही काका," रुचिरा म्हणाली आणि त्यांच्या हातात दुधाचा पेला दिला.

मंडळी, आपल्या प्रत्येक इमारतीला गच्ची आहे आणि प्रत्येक गच्चीवर ऊन पडतं. ते वाया जातं, कारण लाभ सगळ्यांना हवा असतो, पण पॅनेल दुसऱ्याच्या डोक्यावर हवी असतात. आपल्या मुलांची काळजी करणं गैर नाही. गैर आहे ते न विचारलेल्या भीतीला मत समजणं आणि ती जशीच्या तशी शंभर जणांना पाठवून देणं. शंका आली तर जाणत्या माणसाचं दार ठोठावा. बहुतेक वेळा ते दोनच मजले खाली असतं.