सभ्यपणापायी गेलेला नंबर

क्लिफर्डच्या घरी फोन वाजला की तो कधी ‘हॅलो’ म्हणत नसे. रिसीव्हर उचलायचा, घसा साफ करायचा आणि खणखणीत आवाजात गावाच्या नावासकट स्वतःचाच नंबर सांगायचा, “थॉर्नबेक, नऊ-सहा-शून्य, चार-एक-सात.” त्याच्या वयाची सगळी माणसं तसंच करत. पलीकडच्याला कळावं, आपण बरोबर घरी फोन लावलाय की नाही. शहाऐंशीचा म्हातारा, गुडघे गेलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पण नंबर सांगताना आवाज असा, की जणू बँडपुढे उभा राहून सांगतोय.

त्याचा मुलगा डंकन दोन गल्ल्या सोडून राहायचा. शाळेचा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला आणि सभ्यपणाचा नुसता पुतळा. कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच आधी माफी मागणार. म्हाताऱ्याच्या घरचं इंटरनेट क्रिकेटच्या ऐन वेळी अडकायचं, म्हणून फोन आणि इंटरनेट दोन्ही दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं काम त्यानं अंगावर घेतलं.

नव्या कंपनीच्या मुलीनं त्याला स्वच्छ सांगितलं होतं, “जुन्या कंपनीला तुम्ही काही कळवू नका हं. आम्हीच त्यांच्याशी बोलून नंबर घेऊन येतो. तुम्ही आधी बंद करायला सांगितलंत, तर नंबर जाईल.”

“हो हो, समजलं,” डंकन म्हणाला. समजलंही होतं. पण त्याला चैन पडेना. इतक्या वर्षांचे ग्राहक आपण, आणि एका शब्दानं न सांगता पाठ फिरवायची? कुणाच्या घरी चहा प्यावा आणि न सांगता उठून चालू लागावं, तसं त्याला वाटायला लागलं. शेवटी राहवलं नाही. त्यानं जुन्या कंपनीला फोन लावला. नुसतं कळवायचं, आभार मानायचे, बस.

पलीकडचा माणूस घाईत होता. “म्हणजे बंद करायचं ना, सर?”

इथे ‘नाही’ म्हणायचं होतं. एवढंच करायचं होतं. पण समोरच्याला ‘नाही’ म्हणून अवघडवणं डंकनला जन्मात जमलं नव्हतं. तो म्हणाला, “हो, म्हणजे... तुमची हरकत नसेल तर.”

त्या माणसाची काय हरकत असणार! त्यानं बंद करून टाकलं. डंकननं वर त्याला धन्यवाद दिले.

नव्या कंपनीनं इंटरनेट जोडलं, फोन जोडला, आणि नंबर दिला भलताच. डंकननं पुन्हा जुन्या कंपनीचे पाय धरले. तिथली बाई भली होती. ती म्हणाली, “नंबर महिनाभर बाजूला ठेवलेला असतो. परत मिळेल की. फक्त खातं वडिलांच्या नावावर आहे, त्यांनी स्वतः फोनवर येऊन मागायला हवा. त्यांना देता का?”

वडील शेजारच्याच खोलीत होते. पण त्यांना फोन द्यायचा म्हणजे काय केलं ते सांगणं आलं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना ‘आधी नीट ऐकून घ्या’ म्हणून शिकवलेल्या माणसानं आता बापाला काय तोंड दाखवायचं?

“ते झोपलेत,” तो म्हणाला. “मी नंतर करतो.”

बाहेर येऊन तो वडिलांना म्हणाला, “झालं सगळं, डॅड. नंबर तोच.”

“हुशार आहेस, पोरा,” क्लिफर्ड त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. “मला असलं काही जमत नाही.”

डंकननं मनाची समजूत घातली. म्हाताऱ्याला फोन करणारी माणसं आहेत तरी किती? आपण, दातांचा दवाखाना आणि हॉरेस. पहिल्या दोघांचं काय, नवा नंबर देता येतो. पण हॉरेसला नवा नंबर देऊन उपयोग नव्हता.

हॉरेस हा क्लिफर्डचा बँडमधला सोबती. एकानं कॉर्नेट फुंकायची, दुसऱ्यानं ट्रॉम्बोन, असं दोघांचं सगळं आयुष्य गेलं. आता तो दुसऱ्या गावी वृद्धाश्रमात होता आणि त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून गेली होती, बायकोचं नाव धरून. राहिला होता एक नंबर. तोही डोक्यात नाही, बोटांत. रोज चहा झाला की आश्रमातल्या फोनपाशी जायचा, बोटं आपोआप चालायची आणि इकडून क्लिफर्डचा आवाज यायचा. “आज तालीम आहे का रे?” हॉरेस विचारायचा. “नाही रे, बँडमास्तरला सर्दी झालीय,” क्लिफर्ड सांगायचा. मग दोघं त्या बँडमास्तरची यथेच्छ निंदा करायचे. तो जाऊन तीस वर्षं झाली होती.

आता चहा झाला की क्लिफर्ड फोनशेजारच्या खुर्चीत बसून राहू लागला. पहिले काही दिवस तो म्हणाला, “बरं नसेल त्याला.” मग एकदा म्हणाला, “विसरला मला. सगळ्यांना विसरून झालं, आता माझी पाळी.”

‘तुम्हीच करा की त्याला फोन,’ हे डंकनच्या ओठावर आलं आणि त्यानं ते गिळलं. फोन केला की आश्रमवाले नंबर बंद असल्याचं सांगतील. आपण आपल्या अब्रूसाठी दोन म्हाताऱ्यांना तोडतोय, हे त्याला कळत होतं. त्याला स्वतःची किळस येत होती. तरी तो गप्प राहिला. रोज संध्याकाळी तो वडिलांना फोन करायचा, आणि वडील आपल्या त्या ठणठणीत आवाजात आपला नसलेला नंबर सांगायचे. डंकन कानकोंडा होऊन ऐकायचा. उद्या सांगू, म्हणायचा. असं करता करता महिना सरला.

“रविवारी मला हॉरेसकडे ने,” एक दिवस क्लिफर्ड म्हणाला. “विसरला तर विसरला. तोंडावर सांगू दे.”

गाडीत म्हाताऱ्यानं मांडीवर केकचा डबा धरला होता. डंकननं वाटेत चारदा तोंड उघडलं आणि चारदा हवेबद्दल बोलला.

आश्रमाचं दार बेव्ह नावाच्या बाईनं उघडलं. हॉरेसचं सगळं तीच बघायची. क्लिफर्डनं नाव सांगताच ती दाराला धरून उभी राहिली. “क्लिफर्ड? अहो, आम्हाला वाटलं तुम्ही...”

“मेलो?” क्लिफर्ड म्हणाला.

“तुमचा नंबर बंद आहे म्हणून सांगतात. मीही लावून पाहिला. हॉरेसची तर खात्रीच झालीय. रोज चहा झाला की फोन लावतो, बंद आहे ऐकतो आणि ‘क्लिफ गेला’ म्हणून रडतो. सकाळी काही आठवत नाही. चहा झाला की पुन्हा फोन, पुन्हा तेच.” तिनं ओशाळून मान खाली घातली. “रोज पहिल्यांदाच कळल्यासारखा रडतो हो.”

क्लिफर्ड सावकाश डंकनकडे वळला. “नंबर तोच आहे म्हणाला होतास.”

“माझ्या हातून गेला, डॅड. नको सांगितलं असताना मीच आधी बंद करायला सांगितला.”

“परत मिळेल?”

“मिळाला असता. गेल्या गुरुवारपर्यंत. तुम्ही स्वतः मागितला असतात तर.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“लाज वाटली,” डंकन म्हणाला. बेव्ह ऐकत होती. तिनं ऐकायला नको होतं, असं त्याही घटकेला त्याच्या मनात आलं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

तेवढ्यात चहा आटपून हॉरेस आपला चालायचा वॉकर ढकलत दारालगतच्या फोनकडे आला. क्लिफर्ड पुढे झाला. “हॉरेस. अरे, मी आलोय. क्लिफ.”

हॉरेसनं त्याच्याकडे अदबीनं पाहिलं. “नमस्कार. जरा बाजूला होता का? मला फोन करायचाय.”

त्याची बोटं भराभर चालली. तो ऐकत राहिला. मग त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवला. बाकावर बसून तो म्हणाला, “क्लिफ गेला.”

“मीच क्लिफ आहे रे,” क्लिफर्ड खाली वाकून म्हणाला. “बघ माझ्याकडे.”

“अशी चेष्टा करू नये,” हॉरेसचे डोळे भरून वाहत होते. “क्लिफचे केस काळेभोर आहेत. माझा माणूस गेलाय आणि तुम्हाला थट्टा सुचतेय.”

क्लिफर्ड त्याच्याशेजारी बसला. मग हॉरेसनंच विचारलं, “तुम्ही ओळखत होतात त्याला?”

“थोडंफार.”

“ट्रॉम्बोन भयंकर वाजवायचा. पण रोज बोलायचा माझ्याशी. एक दिवस चुकवला नाही त्यानं.”

“हो का?” क्लिफर्ड म्हणाला. त्यानं हॉरेसचा हात हातात घेतला, आणि परका असूनही हॉरेसनं तो राहू दिला. डंकन केकचा डबा घेऊन भिंतीला टेकून उभा होता. तो कुणी उघडायला सांगितला नाही.

परत गाडीत बसल्यावर क्लिफर्डला पट्टा लावता येईना. डंकननं हात पुढे केला, तर म्हाताऱ्यानं तो बाजूला सारला.

“उद्या पुन्हा आणायचं मला इथे,” तो म्हणाला. “परवाही. फोनपाशी जायच्या आत त्याला गाठून दुसऱ्या कशात तरी गुंतवायला हवं.”

“आणतो. रोज आणतो. डॅड, मी खरंच...”

“गप्प बस.” क्लिफर्ड समोरच्या काचेकडे बघत होता. “महिनाभर तो माझ्यासाठी रडत होता. आणि मी खुर्चीत बसून त्याला शिव्या घालत होतो, माझ्या आयुष्यभराच्या मित्राला. विसरला मेला म्हणून.”