देवाचं दूध

रघूबुवाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर आठ वर्षांची सानवी, सारखं पोट दुखतं म्हणून आणलेली. आदल्या दिवशी बुवाने तिला तिच्याच घरच्या गाईचं पेलाभर दूध पाजलं, तेव्हा सगळ्या वाडीदेखत तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. आज त्याने काहीबाही पुटपुटून नारळाचा रस पाजला. दुपार कलली तरी पोट सपाट.

बुवा डोळे फिरवत म्हणाला, "दोन्ही पांढरंच. हे देवाचं, पोटात विरलं. ते करणीचं, फुगलं. गाईची धार कोण काढतं, ते मी कशाला सांगू?"

सगळ्यांच्या माना तुळसाकडे वळल्या. तरुणपणीच विधवा होऊन ती भावाकडे परतली होती. भावाच्या मुलाला, संदेशला, तिने वाढवलं. आता त्याची लेक सानवीही तिच्याच मांडीवर मोठी झाली. त्याच संध्याकाळी संदेशने खाली बघत तिचं अंथरूण पडवीत टाकलं. गाय विकली. पोरीला सांगितलं, आजीच्या हातचं काही घ्यायचं नाही.

मग चिपळुणात एका लग्नात सानवीने बासुंदी खाल्ली आणि कळवळली. तुळसा तर तिथे नव्हतीच. तेव्हा कुठे संदेश तिला रत्नागिरीला डॉक्टर शमीम यांच्याकडे घेऊन गेला. त्यांनी विचारलं, घराण्यात कुणाला दूध सोसत नव्हतं का. ते सांगणारं माणूस एकच उरलं होतं.

"तुझा बापूस," तुळसा पडवीतून म्हणाली. "आत्माराम चोरून दूध मांजरीला घालायचा. त्यापायी मार खायचा."

मुंबईत तपासणी झाली. पोरीला उपाशीपोटी दुधातली साखर पाजली आणि ठरावीक वेळाने यंत्रात फुंकायला लावलं. ती साखर पचवणारा रस तिच्या लहान आतड्यात पुरेसा नव्हता. न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात जंतूंनी आंबवली, त्याचा वायू श्वासात उतरला. आणि नारळात ही साखर नसतेच. बुवाचा देव एवढाच होता. अशी पोरं त्याने कितीतरी पाहिली होती.

संदेश पडवीत येऊन उभा राहिला. "आत्ये, आत चल गो."

सानवी उंबऱ्यापाशी थबकली होती. तुळसाने हात पुढे केला, तशी पोर नकळत मागे सरली.

तुळसाने हात पदराखाली घेतला. "तिच्या पोटात काय बिघडलंय ते कळायला श्वाससुद्धा मोजून घेतलात," ती म्हणाली. "माझ्यावर आळ घेताना काय मोजलंत रे? पुढच्या बाईला तरी बाहेर काढण्याआधी तपासून बघा."