पेंढ्याला गवत म्हणणारे

आमच्या शब्दकोशाच्या कार्यालयात एक नियम होता. तो चांगला होता, म्हणूनच सगळ्यांनी मिळून त्याला झोपवलं होतं.

नियम असा: इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द लिहून झाले की पान छापायला जाण्याआधी ते बाहेरच्या एका माणसाला वाचून दाखवायचे. साधं वाक्य घ्यायचं आणि त्यात एकेक प्रतिशब्द घालायचा. ऐकणारा हसला तर तो शब्द परत. या माणसाला आम्ही ‘बाहेरचा कान’ म्हणायचो. कान कुणाचाही चालायचा, नळ दुरुस्त करणाऱ्याचा, नर्सचा, रस्त्यावरून जाणाऱ्याचा. पण रोज नवा माणूस शोधणार कोण? म्हणून अकरा वर्षं खालच्या मजल्यावरचा बाइंडर वर यायचा. चहा घ्यायचा, डोळे मिटायचा आणि सगळं पास करायचा. तो कधी हसलाच नाही. आमचे विद्वान म्हणायचे, कोश निर्दोष होत चाललाय.

माझं शिक्षण दहावी. खालच्या छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता इंग्रजी शिकले, म्हणून मोठ्या साहेबांनी मला तीन महिने चाचणीवर वर घेतलं. शेवटच्या शुक्रवारी माझी एक नोंद वाचली जाणार होती. ती टिकली तर नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा खाली, शाईच्या वासात. मला शब्द मिळाला होता ‘स्ट्रॉ’.

बाकीचे अर्थ मी नीट लिहिले. सरबत ओढायची नळी. फिकट पिवळा रंग. बुडत्याला जिचा आधार वाटतो ती काडी. पण पहिला, मुख्य अर्थ आला आणि मी अडले. तीन जुने कोश उघडले आणि त्यांतलं जसंच्या तसं उतरवलं: वाळलेलं गवत, तृण, कडबा, भुसा, काडी, पेंढा. शेजारच्या टेबलावरच्या एम.ए.ला मी तीन महिने ‘नक्कलवाला’ म्हणून टोचत होते. संधी आल्यावर मीही तेच केलं. भ्याले, दुसरं काही नाही.

नेमका त्या शुक्रवारी बाइंडर डोळ्याच्या ऑपरेशनला गेला. मोठे साहेब म्हणाले, “खाली जो पहिला भेटेल त्याला घेऊन या.”

एम.ए. जिना उतरला आणि ज्या बाईला घेऊन आला ती माझी आत्या होती. मी सकाळी डबा विसरले होते. तो द्यायला ती कामावरून आली होती, पदर खोचलेला, केसांत पेंढ्याची कुसळं. काचेच्या सामानाच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं खोकी भरते. पाठवलेल्या मालाला तडा गेला तर ते खोकं तिच्या माणसांनी भरलेलं नाही, हे अख्ख्या कारखान्याला माहीत आहे.

“नात्यातली चालेल का?” मी साहेबांना बाजूला घेऊन विचारलं.

“नोंद कुणी लिहिली ते त्यांना सांगू नका, म्हणजे झालं,” साहेब म्हणाले.

आत्या बसली. “हसू आलं तर हसा,” एवढंच सांगून साहेबांनी वाचायला सुरुवात केली. “काचेचे पेले वाळलेल्या गवतात भरून पाठवले.”

आत्याच्या तोंडाचा कोपरा हलला. “पाठवा की. वाटेत बैल भेटला तर पेल्यांसकट खाईल.”

“म्हणजे हसलात?”

“अजून नाही. पुढं वाचा.”

“पेले तृणात भरून पाठवले.”

आता ती हसली. “लग्न आहे का पेल्यांचं, मंगलाष्टकांतला शब्द काढलात?”

“कडब्यात भरून पाठवले.”

“अहो, कडब्याचं दांडकं बोटाएवढं जाड असतं. फोडायचेच आहेत तर इथंच फोडा, गाडीभाडं वाचेल.” ती पोट धरून हसायला लागली. एम.ए.ही हसला आणि साहेबांकडे बघून गप्प झाला.

“भुशात?”

“तळाला जाऊन बसतो भुसा. वरचे पेले एकमेकांशी भांडतात.”

“काडीत?”

“एका?” डोळे पुसत आत्या म्हणाली. “कुणी लिहिलंय हो हे? त्या माणसाला आमच्याकडे पाठवा. एक दिवस खोकी भरेल, म्हणजे डोक्यात उजेड पडेल.”

“पेंढ्यात?”

“हां. पेंढ्यात. हे माणसाचं बोलणं झालं.”

सहातले पाच परत. एम.ए. माझ्या बाजूनं घसा साफ करत म्हणाला, “सर, तिन्ही जुन्या कोशांत हेच आहे.” त्याच्या त्या चांगुलपणाचा मला राग आला. मी उभी राहिले.

“आत्या, ते मी लिहिलं.”

ती हसायची थांबली. मला वाटलं, आता सावरून घेईल. कसलं काय.

“तू? लहानपणी माझ्याबरोबर खोक्यात बसून पेंढा दाबायचीस की गं. आणि लिहिलंस तृण?”

“चुकलं. उतरवलं मी.”

“मग खोड ते.”

मी साहेबांकडे वळले. “मला खाली पाठवायचं असेल तर आत्ताच सांगा. नसेल, तर सोमवारपर्यंत पान थांबवा.”

“छापखाना खोळंबेल,” साहेब म्हणाले.

“अकरा वर्षं चूक छापली, दोन दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?”

एम.ए.नं टेबलाखाली पाय ओढून घेतले. साहेबांनी त्या तिन्हींतला आमच्याच कार्यालयाचा कोश पुढे ओढला, पान काढलं आणि ‘स्ट्रॉ’वर बोट ठेवलं. “ही नोंद मी लिहिली होती,” ते म्हणाले. “मीसुद्धा उतरवलीच होती. सोमवारी सकाळी नऊला आणा.”

शनिवारी मी आत्याच्या शेडमध्ये गेले. दहा बायका, तीन गडी आणि छतापर्यंत पेंढ्याची गंजी. मी विचारलं की पेंढा आणि गवत यांत फरक काय, आणि तिथं भांडणच जुंपलं. शेवटी एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना गप्प केलं. “ज्यातून दाणा काढत नाहीत ते गवत. दाणा काढून घेतल्यावर जे उरतं ते हे. सोपं आहे, शिकलेल्यांना अवघड जातं.” त्याचं वाक्य मी जवळजवळ तसंच लिहिलं. कुठला शब्द कुठं चालतो, तेही लिहिलं: जाड दांड्यांचा तो कडबा, बारीक चुरा तो भुसा, एकटी असेल तर काडी, आणि तृण फक्त कवितेत.

सोमवारी ‘बाहेरचा कान’ म्हणून दूधवाला बसला. प्रत्येक शब्द त्याच्या जागी घालून वाचला. तो हसला नाही. उलट म्हणाला, “बरोबर आहे, यात नवीन काय?”

साहेबांनी पानावर सही केली आणि माझं टेबल खिडकीशी हलवायला सांगितलं. मग पुढचा कागद माझ्या हातात ठेवला.

“पुढचा शब्द स्ट्रॉबेरी. खाल्लीय का कधी?”

“नाही.”

“मग आधी बाजारात जा,” ते म्हणाले. “आणि आमच्यासाठीही आणा. मीसुद्धा नुसती उतरवलीच आहे.”