नऊशे तेरा

"किती निघाले?" नवऱ्याने स्वयंपाकघरातून विचारलं.

"एकसष्ट," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरीणबाई हे नाव प्रोग्रामर मंडळींनी ठेवलेलं. कुणीही फुकट वापरावं अशा खुल्या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिका त्या लिहीत. स्वल्पविराम चुकला तरी भल्याभल्यांना धारेवर धरत. सहा वर्षांपूर्वी सेन्सरच्या एका प्रोग्रामची मार्गदर्शिका त्यांनी लिहिली होती. सेन्सरची तार निसटली तर किती वेळ थांबून भोंगा वाजवायचा, तो आकडा ज्याचा त्याने भरायचा. उदाहरण म्हणून बाईंनी नऊशे तेरा मिलिसेकंद टाकले. एक सेकंदसुद्धा नाही. पुढे प्रोग्राम मिलिसेकंदांऐवजी सेकंद मोजू लागला. बाईंनी मजकूर बदलला, उदाहरण मात्र तसंच राहून गेलं. नऊशे तेरा सेकंद म्हणजे सव्वापंधरा मिनिटं.

सकाळी एका मासे पाळणाऱ्याची तक्रार आली, तेव्हा कुठे हे उजेडात आलं. उदाहरण दुरुस्त करायला मिनिटही लागलं नाही. पण मार्गदर्शिका वाचतो कोण? जो तो उदाहरण उचलतो, आपल्या कोडमध्ये चिकटवतो आणि चहा प्यायला जातो. म्हणून जगभरच्या खुल्या प्रकल्पांचा कोड एकदम धुंडाळणाऱ्या साइटवर बाईंनी तो आकडा शोधायला टाकला होता. असला विचित्र आकडा दुसरं कुणी निवडणार नाही. जिथे सापडेल, तो त्यांचाच.

ते एकसष्ट प्रकल्प त्या एकेक करून उघडू लागल्या. माशांची टाकी. अंडी उबवायची पेटी. बागेचा पंप. प्रत्येकाला त्या दोन ओळींचं पत्र टाकत होत्या.

"कोंबड्यांना पंधरा मिनिटं उशीर झाला तर काही आभाळ कोसळत नाही," नवरा म्हणाला. त्याही थोड्या हसल्या.

चव्वेचाळिसावा प्रकल्प तान्ह्या बाळांचे श्वास मोजणाऱ्या यंत्राचा होता. लहान रुग्णालयांना परवडावं म्हणून कुणी भल्या माणसाने बनवलेला. बाईंनी कोड ओळ न् ओळ वाचला. तार निसटली की भोंगा वाजेपर्यंत पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहणार होता. नऊशे तेराच्या शेजारी टीप होती: 'मार्गदर्शिकेतला आकडा. बदलू नका.'

बाईंनी ती ओळ नवऱ्याला वाचून दाखवली.

"अगं, मार्गदर्शिकेत वरच लिहिलेलं असतं ना, हमी नाही, आपापल्या जबाबदारीवर वापरा," नवरा म्हणाला. "तुझ्यावर काहीएक येत नाही."

"ते वाक्यसुद्धा मीच लिहिलंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी प्रकल्पाच्या पानावरचा नंबर फिरवला.

फोन एका रुग्णालयातल्या यंत्रदुरुस्तीवाल्याने उचलला. यंत्र त्यानेच बनवलं होतं. बाईंचं बोलणं ऐकून तो आधी हसला. "श्वास रोखून तपासलंय मी, तेव्हा लगेच वाजलं. तार काढून कोण बघतं?"

"आता बघा. कृपा करा."

त्याने एका रिकाम्या यंत्राचा सेन्सर स्वतःच्याच पोटावर चिकटवला. "अठरा दाखवतंय. काढतो हं तार."

दोघंही वाट बघू लागले. बाईंना त्याच्या मागे कुठेतरी एक बाळ रडताना ऐकू येत होतं.

"अजून अठराच," तो म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता. "बाई, तीन बाळांना लावलंय हे." फोन टेबलावर आदळला. पावलं लांब पळत गेली.

बाईंनी देवाला हात जोडले. असं त्या कधी करत नसत. नवरा गॅस बंद करून त्यांच्यामागे येऊन उभा राहिला.

"यंत्रं काढली," दुरुस्तीवाला धापा टाकत फोनवर परत आला. "तिन्ही बाळं ठीक आहेत. आता सिस्टर समोर बसून मोजतायत."

बाईंना रडू फुटलं. सुटले, असं त्यांच्या मनात येतंय न येतंय तोच तो पुढे बोलला.

"गेल्या वर्षी आमच्याकडे एक बाळ गेलं, बाई. भर दुपारी. तार निसटलेली सापडली. ड्युटीवरची सिस्टर शपथेवर सांगत होती, पडद्यावर आकडा होता, मी बघत होते म्हणून. कुणी ऐकलं नाही. तिला डुलकी लागली असं ठरवलं आणि काढून टाकलं. यंत्र चांगलंय असं मीच लिहून दिलं होतं."

बाईंनी त्या सिस्टरचा नंबर मागितला.

"करू नकोस फोन," नवरा म्हणाला. "आधी वकिलाला विचारू. उद्या सगळं तुझ्यावर शेकेल." तो चिडला नव्हता, घाबरला होता. घाबरल्या तर त्याही होत्या. तरी त्यांनी नंबर लावला. समोरची बाई शिव्या देईल, किंचाळेल, आणि ते ऐकूनच घ्यावं लागेल, असं त्यांनी मनाला बजावलं.

सिस्टरने मध्ये एकदाही न अडवता सगळं ऐकलं.

"पडद्यावर चव्वेचाळीस होता," सिस्टर हळूच म्हणाली. "मी तीनदा येऊन बघितलं. तिन्ही वेळा चव्वेचाळीस."

"हो. तसाच दिसला असणार तुम्हाला."

"एक मिनिट थांबा." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अहो, आईंना घेऊन इकडे या. आत्ता या, काम राहू दे." मग दोन-तीन माणसं जवळ आल्याची चाहूल लागली. "मॅडम, फोन स्पीकरवर टाकलाय. आता परत सांगा. पहिल्यापासून."

नवऱ्याने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्यांना थांबवत नव्हता.

"चूक माझी होती," बाईंनी सुरुवात केली.