वाढत्या अंगाचा टर्बो

"अहो, वाढत्या अंगाचाच घेतलात ना?" मंजुषाने खोक्यात डोकावत विचारलं.

"मग काय? चांगला दोन नंबर मोठा," दत्तप्रसाद म्हणाला. थर्माकोलमधून त्याने गाडीच्या इंजिनाला लावायचा तो टर्बो दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला. कोरा, चकचकीत, चांगला नारळाएवढा.

इरा पाण्याची बाटली भरायला आली होती. "बाबा, वी ईट देअर," एवढंच बोलून ती आपल्या खोलीत गेली.

केळसकरांच्या घरात मापाची वस्तू कधी आलीच नव्हती. इराच्या शाळेच्या युनिफॉर्मची दुमड उसवेपर्यंत शाळाच बदलायची. बुटांच्या पुढे कापसाचे बोळे असायचे. लग्नातला सूट दत्तप्रसादच्या आईने 'अंग भरेल की पुढे' म्हणून ढगळ शिवून घेतला, आणि अंग भरलं ते नेमकं पोटाशी. शारजात अल मजाजच्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये फ्रीज असा होता की त्यात एखादं मंगल कार्यालय जेवलं असतं. पुढे लागेल, पुढे उपयोगी पडेल. हा 'पुढे' कधी उगवायचा ते कुणी विचारत नसे. मोठं आणलं की घरात सगळ्यांना बरं वाटायचं, बस्स.

तेव्हा टर्बोही मोठा आला यात नवल काही नव्हतं.

दत्तप्रसाद हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांच्या कंपनीत कागद सांभाळायचा. पाइप दुसऱ्यांनी बनवायचे, तपासायचे, आणि याने त्यांची सर्टिफिकेटं फायलीत लावायची. हाताला तेल लागावं असं एकही काम नाही. त्याच टॉवरमध्ये चार मजले खाली जेरार्ड लोपीस राहायचा. वसईचा गडी, हॉटेलात मेंटेनन्स सुपरवायझर. त्याची बायको ॲना पूर्वी इथेच होती, पण सासूच्या आजारपणात वसईला गेली ती तिकडचीच झाली. तेव्हापासून जेरार्डचं रविवारचं जेवण केळसकरांकडे आणि दत्तप्रसादचं अर्धं डोकं जेरार्डकडे.

टर्बोचं खूळ निघालं ते जबल जैसच्या घाटात. इरा लहान असताना दोन्ही कुटुंबं दत्तप्रसादच्या लान्सरमधून डोंगरावर निघाली होती. निम्म्या घाटात गाडीला धाप लागली. एसी बंद करावा लागला, काचा खाली झाल्या, आणि मंजुषा व ॲना घामाघूम होऊन दोघा नवऱ्यांची यथेच्छ टर उडवत बसल्या. तेव्हा जेरार्ड म्हणाला होता, "दत्ता, हिला एक टर्बो लावायचा आपण. आपल्या हातांनी. मग बघ, एसी लावून चढते की नाही."

पुढे ते घरातलं ठरलेलं वाक्यच झालं. जिना चढताना कुणाला दम लागला तरी "टर्बो लावा" म्हणायचे.

आता मात्र जेरार्डची रिटायरमेंट आली होती. महिनाअखेर व्हिसा कॅन्सल, खलास, वसई. एका रविवारी जेवताना दत्तप्रसादने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "तू जायच्या आधी आपण जैस चढणार. एसी लावून. आणि गाडी तू चालवायचीस." जेरार्ड हसला, पण दुसऱ्याच सुट्टीला जुने कपडे घालून दारात उभा होता.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात राजनचं गॅरेज होतं. राजन जेरार्डच्या ओळखीतला, त्रिशूरचा. सुट्टीच्या दिवशी गाडी वर उचलायची एक लिफ्ट त्याने या दोघांना दिली, आणि परवानगी, टेस्टिंग वगैरे सरकारी भानगड स्वतःकडे घेतली. एक्झॉस्टची वाया जाणारी हवा टर्बोचं चाक फिरवते आणि ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबते, एवढाच मामला. पण त्याच्या आजूबाजूला जे जे लागतं, ते निवडण्यातच खरी गंमत होती. हवा गार करणारी जाळी जेरार्डने निवडली. पेट्रोल सोडणारे जाड इंजेक्टर दोघांनी भांडून निवडले. तेलाची नळी कुठून न्यायची यावर तर एक अख्खी सकाळ गेली. दत्तप्रसाद घरी यायचा तो कोपरापर्यंत काळा होऊन, आणि हात धुताना शीळ घालत असायचा. मंजुषाने हे लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

मध्येच जेरार्ड पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस वसईला गेला. जाताना म्हणाला, "टर्बो तूच बघ. आपल्या इंजिनाला झेपेल असा." फोन करून विचारायला काही हरकत नव्हती. पण दत्तप्रसादला त्याला चकित करायचं होतं. आणि दुकानात दोन टर्बो शेजारी शेजारी ठेवल्यावर केळसकरांचा हात मोठ्याकडे जाणार, हे काय सांगायला हवं?

जेरार्ड आला, त्याने टर्बो पाहिला, उलटसुलट केला.

"दत्ता, नाकापेक्षा मोती जड होणार हा."

"अरे, पुढे इंजिन मजबूत केलं की शोभेल त्याला. पिस्टन बदलू, हेड उघडू..."

"पुढे कधी?" जेरार्डने विचारलं. सहजच विचारलं त्याने, पण दत्तप्रसादने फडकं घेऊन टर्बोवरचे बोटांचे ठसे पुसायला घेतले. जेरार्डने पाना उचलला. "चल, बसवू तर खरं," म्हणाला.

बसवला. राजनच्या माणसाने लॅपटॉप लावून गाडी ट्यून केली. मग राजनला घेऊन तिघे मलेहाच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर निघाले. जेरार्डने पाय दाबला. काही नाही. आणखी दाबला. गाडी आपली पूर्वीसारखीच, उलट जरा जास्तच आळसावलेली. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तिने अशी काही उसळी मारली की मागे बसलेल्या राजनचा चष्मा नाकावरून घसरला. तोवर समोर राउंडअबाउट आलं. ब्रेक. पुन्हा सगळं मुसळ केरात.

"बड़ा पंखा है," राजन म्हणाला. "घूमने में टाइम लेता है. सीधे रोड पे ठीक है, सर."

"आणि घाटात?" दत्तप्रसादने विचारलं.

"घाटात दर वळणाला झोपणार हा," जेरार्ड म्हणाला. "याला जाग येईपर्यंत पुढचं वळण. एसी लावला तर बघायलाच नको. जाऊ दे रे. मजा आली ना बनवताना? तेवढं पुरे."

ते 'तेवढं पुरे' दत्तप्रसादला सहन झालं नाही. जेरार्डचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. नवा लहान टर्बो मागवावा तर तो येईपर्यंत हा वसईत. त्या संध्याकाळी दत्तप्रसाद मंजुषासमोर बसला आणि त्याला सरळ रडूच आलं. बावन्न वर्षांचा बाप्या, एका लोखंडाच्या तुकड्यापायी.

"मी घोळ घातला गं. त्याच्यासाठी करायला गेलो आणि त्याच्यासाठीच नाही झालं."

मंजुषाने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "मोठा आणा म्हणणारी मीच ना? आपल्याला सवयच लागलीय. पण जेरार्ड भाऊजींना आता वाढत्या अंगाचं काय करायचंय? त्यांना आज बसेल असं आणा. जुन्या सामानाच्या बाजारात मिळत नाही का?"

"मिळतं. पण पारखून घ्यावं लागतं."

"मग मी येते. पंचवीस वर्षं वांगी पारखतेय."

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून तिघे जुन्या पार्टच्या दुकानांत फिरले. एका दुकानात पठाण मालकाने टर्बोंचा ढीगच पुढे केला. "भाभीजी, एकदम जपान का माल." जेरार्डने कसं बघायचं ते सांगितलं. मधला दांडा बोटाने धरायचा. बाजूला किंचित हलला तर चालेल, पण आत-बाहेर मुळीच हलता कामा नये. पात्यांच्या कडा शाबूत हव्यात. आतून तेलाचा ओघळ नको.

पण लहान टर्बोच्या तोंडात जेरार्डची जाड बोटं जाईनात आणि दत्तप्रसादची तर त्याहून नाहीत. मंजुषाने बांगड्या वर सारल्या आणि बोटं आत घातली.

"हा हलतोय."

"ठेवा खाली."

"याच्या पात्याचा टवका उडालाय. भैया, यह क्या दे रहे हो?"

पठाण हसायला लागला. "भाभीजी को काम पे रख लेंगे, इन्शाल्ला."

बरेच बाजूला पडल्यावर तिच्या हाती एक आला. जेमतेम आमटीच्या वाटीएवढा. तिने दांडा हलवून पाहिला, पात्यांवरून बोट फिरवलं, बोट ओढणीला पुसून पाहिलं. ओढणी स्वच्छ राहिली.

"हा घ्या," ती म्हणाली.

"एवढासा?" दत्तप्रसादच्या तोंडून निघून गेलं.

"एवढाच लागतो, दत्ता," जेरार्ड म्हणाला.

राजनने तो बसवायला नवी पट्टी वेल्ड करून दिली, गाडी पुन्हा ट्यून झाली, आणि मोठा टर्बो गिऱ्हाईक येईपर्यंत त्याच्या फळीवर जाऊन बसला.

शुक्रवारी सकाळी तिघे निघाले. जेरार्ड स्टिअरिंगवर, दत्तप्रसाद शेजारी, मंजुषा मागे. घाट लागला तसा दत्तप्रसादने एसी पूर्ण केला आणि श्वास रोखून बसला. पहिलं वळण आलं. जेरार्डने पाय सोडला, वळला, पुन्हा दाबला, आणि बारीक शीळ वाजून गाडी लगेच पुढे सरली. फार जोर नाही की उसळी नाही. मागितलं की मिळत होतं. दुसऱ्या वळणाला तसंच, तिसऱ्याला तसंच. मोठमोठ्या गाड्या भर्रकन पुढे जात होत्या. जेरार्ड त्यांना हात करून वाट देत होता. त्याचा चेहरा असा खुलला होता की दत्तप्रसादने रस्त्याकडे बघायचं सोडून दिलं.

निम्म्या घाटात मागून आवाज आला. "अहो, तो एसी जरा कमी करता का? गारठले मी."

दोघं इतके हसले की जेरार्डला डोळे पुसावे लागले.

माथ्यावर त्याने गाडी कडेला लावली आणि किल्लीकडे हात नेला. "थांब," दत्तप्रसाद म्हणाला. "राजनने सांगितलंय, चढ चढून आल्यावर लगेच बंद करायची नाही. टर्बो तापलेला असतो. दोन मिनिटं चालू ठेवायची, तेल फिरत राहतं."

"बरोबर," म्हणत जेरार्डने हात मागे घेतला.

मंजुषा थर्मास घेऊन उतरली आणि कठड्याशी गेली. खाली डोंगर एकामागे एक पसरले होते. गाडीत इंजिन संथ चालू होतं.

"ॲनाचा फोन होता," जेरार्ड म्हणाला. "विहिरीचा पंप बिघडलाय. आल्या आल्या तेच काम."

"तू गेल्यावर मला करमायचं नाही रे, जेरार्ड."

"मला तरी कुठे करमणार आहे?" जेरार्ड समोर बघत म्हणाला.

राजनची दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. टर्बो निवला असणार, तेलही फिरून झालं असणार. पण किल्लीला दोघांपैकी कुणीच हात लावला नाही.

कठड्यापाशी मंजुषाने तीन कप भरले होते. हाक मारायला ती वळली, काचेतून तिने दोघांकडे पाहिलं, आणि हाक मारली नाही. कपांतला चहा तिने एकेक करून परत थर्मासमध्ये ओतला आणि झाकण घट्ट लावलं.