उंबराच्या फुलाला पाय फुटले

१९४४ साली देवळाली प्रवऱ्यात उंबराला फूल आलं आणि गावाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

उंबराचं फूल माणसाला दिसत नाही, आणि ज्याला दिसतं त्याची कणगी कधी रिकामी होत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे ओढ्याकाठच्या उंबराखाली तांबडं फुटल्यापासून झुंबड. पानांच्या पाठीवर केसासारखे पांढरे देठ आणि प्रत्येकाच्या टोकाला खसखशीएवढी हिरवट कळी. खोटं कशाला बोलू, दिसायला फार सुंदर होतं ते.

फुलापाठोपाठ बुवाही उगवला. हा खर्ड्याकडचा सूर्यभान, इथे येऊन झाला उंबरनाथ. "ह्ये देवाघरचं फूल हाय," तो डोळे मिटून सांगायचा, "उजेडाबिगर उमलत न्हाई. रातभर बत्ती जळाया पायजे!" लढाईचे दिवस, रॉकेल रेशनवर. लोकांनी आपल्या घरात अंधार केला आणि बाटल्या आणून बुवाच्या बत्तीत ओतल्या. ही पेट्रोमॅक्सची बत्ती गनीभाईची होती. एरवी तो ती लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायचा.

माझा दवाखाना समोरच. लोकांनी अंधारात जेवावं की उजेडात, हा त्यांचा प्रश्न, म्हणून मी गप्प होतो. पण बुवा फुलाची पानं घरोघर देऊ लागला आणि त्याने नवं फर्मान काढलं: "फुलाला कडू चालत न्हाई." ज्याच्या घरी फुलाचं पान जाईल त्याने कारलं खायचं नाही, मेथी खायची नाही आणि हिवतापावरचं कोयनेल तर मुळीच घ्यायचं नाही. इथे माझं टाळकं सणकलं. कोयनेल जिथून यायचं ते जावा बेट जपान्यांनी घेतल्यापासून ते औषधालाही मिळत नव्हतं. नगरला जाऊन, हातापाया पडून मी थोडं आणलं होतं, ते गावातल्या चांगुणाच्या पोरासाठी, मच्छिंद्रासाठी. सहा वर्षांचं ते पोर एक दिवसाआड थंडीने कुडकुडायचं, मग तापाने फणफणायचं. असंच चाललं तर ते हाती लागणार नव्हतं.

"पुडी दिलीस का त्याला?" मी चांगुणाला विचारलं.

"न्हाई, डाक्टर. फूल कोमेजंल."

"आणि पोर कोमेजलं तर?"

तिने पदर डोळ्यांना लावला. मी आणखी चार शब्द तडकून बोललो. त्याचा परिणाम एवढाच झाला, की ती मला दारच उघडेनाशी झाली.

अशात गनीभाई कुरकुरत दवाखान्यात आला. "डाक्टरसाब, बुवा बत्ती सोडीना आन् रोज मँटल फाटतंय. कसली हिरवी पाखरं येऊन पडत्यात. जाळीचे पंख, सोन्यावानी डोळे. ह्ये बघा." त्याने कागदाची पुडी उलगडली आणि मी खुर्चीवरून उठलोच. पुण्यात शिकताना माझ्या खोलीतला सोबती शेतकी कॉलेजात होता. त्याच्या बरण्यांतली असली पाखरं मी वर्षभर उशाशी घेऊन झोपलो होतो.

"गनीभाई," मी म्हणालो, "बुवा आंघोळीला गेला, की त्याच्या झोपडीमागे एक चक्कर मारू."

गुरुवारी आरती रंगात आली होती. तेवढ्यात चांगुणा रडत आली. एका हातात वाटी, वाटीत उंबराचं पान, दुसऱ्या हातात गाभण शेळीचं दावं.

"म्हाराज, फूल पांढरं पडलं वो!"

बुवाने वाटीत पाहून डोळे फिरवले. "घरात कडू शिरलं! आता फुलामागं पोर जानार. शेळी बांध हितं, दुसरं फूल मागून बघतो."

"बुवा," मी पुढे झालो, "हे फूल फक्त उंबरावरच येतं ना?"

"फकस्त उंबरावर! तेबी दत्तम्हाराजांच्या मर्जीनं!"

"मग मंडळी, जरा झोपडीमागे चला."

झोपडीमागे, बत्तीच्या उजेडाच्या पट्ट्यात, बुवाचा लंगोट वाळत होता. दोरीवर फुलांची रांग आणि लंगोटाच्या काठावर आणखी दोन. गर्दी पुढे सरकली. म्हाताऱ्या साळूबाईने वाकून निरखलं.

"अगं बया! लंगोटाला फुलं आली!"

"ह्यो माझ्या तपाचा परताप!" बुवा ओरडला.

"मंग आरती हितंच करू की," साळूबाई म्हणाली, आणि जो हशा पिकला तो ओढ्यापलीकडे ऐकू गेला असेल.

चांगुणा मात्र हसत नव्हती. मी तिची वाटी घेतली, भिंग तिच्या हातात दिलं. "फूल नाही सुकलं, बाई. नीट बघ."

ती बघत राहिली. "आगं आई! पाय हायेत ह्याला! चालतंय!"

मी रुईच्या पानावरचा मावा, पानाचा रस पिणारी ती बारीक कीड, वाटीत टाकला. त्या इवल्या जिवाने दोन नांगे रोवून मावा चोखायला सुरुवात केली. मग मी सगळं सांगितलं. हिरवं पाखरू उजेडाला येतं. उंबराच्या कोवळ्या पानांवर मावा होता, म्हणून बहुतेक पाखरांनी अंडी तिथे घातली. तुमचं फूल म्हणजे हेच अंडं. काहींना लंगोट जवळ पडला. अंड्यातून पिल्लू निघालं, की मागे पांढरं टरफल राहतं. धुळीत खड्डा करून मुंगी धरणारा किडा पोरं खेळायला काढतात, तो याचा चुलतभाऊ. या खानदानाच्या हजारो जाती जगभर आहेत. जिथे उंबर औषधालाही नाही, त्या विलायतेतही आहेत. आणि देठ कशाला? पानाला चिकटलेली अंडी मुंग्या खायच्या, आधी निघालेली भावंडंही खायची. देठावरची वाचली, त्यांचाच वंश वाढला. माणूस जन्मायच्या कितीतरी आधीपासून हे चाललंय.

"म्हंजी माझं पोर..." चांगुणाने भिंग माझ्या हातात परत दिलं.

"पुडी दे. आत्ता दे."

ती शेळीसकट धावत सुटली. या गडबडीत बुवाही पसार झाला. लंगोट तेवढा राहिला.

मच्छिंद्र वाचला. कोयनेल पिताना त्याने बोंब ठोकली, "लई कडू!" त्या दिवशी तो आवाज मला कुठल्याही आरतीहून गोड वाटला.

पुढे साळूबाईने विचारलंच, "मंग डाक्टर, उंबराला फूल येतच न्हाई व्हय?" मी खाली पडलेलं एक उंबर उचलून फोडलं, भिंग दिलं. आत बारीक फुलंच फुलं होती, दाटीवाटीने. लोकहो, देवाने ते फूल कुणापासून लपवलेलं नाही. उंबर आपण जन्मभर खातो. खाण्याआधी फोडून नीट बघा, एवढंच माझं मागणं आहे.